अंगावरचं पातळ

१

मे महिना लागला की कोल्हापुरातली निम्मी माणसं गावाला जातात आणि त्यांची मांजरं तानाबाईच्या माडीवर येतात.

मंगळवार पेठेतलं हे घर तसं लहानच. खाली सोपा, स्वैपाकघर, न्हाणी, आणि वर ओळीनं तीन खोल्या. तानाबाईचे मालक होते तोवर वर भाडेकरू असायचे. मालक गेले, मागोमाग भाडेकरू गेले, आणि सून संयोगिता हिच्या डोक्यात आलं की माणसं ठेवून रोज भांडण्यापेक्षा मांजरं ठेवावीत; ती पाण्यावरून तरी भांडत नाहीत. मुलगा विश्वजित कागलला कारखान्यात. त्यानं सुट्टीच्या दिवशी बसून लाकडी कप्पे केले, जाळ्या ठोकल्या, दारावर ‘माऊघर’ अशी पाटी लावली. त्या दिवशी तानाबाई पाटीकडं बघून पोट धरून हसली. शिरोळला तिच्या माहेरी मांजर म्हणजे उंदरावर आणि सांडलेल्या ताकावर जगणारा जीव. त्याला मुक्कामाला ठेवायचं, त्याच्यासाठी पंखा लावायचा, आणि त्याच्या मालकानं महाबळेश्वरात बसून फोनवर त्याचं तोंड बघायचं. असली नवलाई तिनं जन्मात बघितली नव्हती.

हसून झालं, आणि काम तिच्याच गळ्यात पडलं. झुंजुमुंजू असताना उठून वाळूचे ट्रे उपसायचे, वाट्या धुवायच्या, खाणं घालायचं, जिभेनं टक् टक् करत एकेकाला जवळ बोलवायचं, कुणी खाल्लं, कोण रुसलं ते बघायचं. संयोगिता फोन सांभाळायची. फोनचा ट्रे उपसावा लागत नाही.

या धंद्यात एक रीत आहे. मांजर सोडायला येणाऱ्यानं स्वतःच्या अंगावरचा कपडा बरोबर द्यायचा, बनियन म्हणा, ओढणी म्हणा, पण न धुतलेला. कप्प्यात अंथरला की मांजर त्यात तोंड खुपसतं, आपलं माणूस इथंच आहे असं समजतं आणि निजतं. धुतलेला कपडा कुचकामी.

तानाबाईच्या घशाखाली ही रीत उतरायची नाही. तिच्या आईची शिस्त नेमकी उलटी होती. अंगावरचं पातळ कुणाला द्यायचं झालं, मग ती शेतावरची बाई असो की सख्खी बहीण, आधी पाण्यातून काढायचं आणि मगच उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं. का, ते आईनं कधी सांगितलं नाही. तानाबाईनंही विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती. हे कपडे परक्यांचे, आपल्याला काय त्याचं, अशी तिनं मनाची समजूत घातली.

२

हुपरीची अनुजा म्हणून एक पैंजणवाल्यांच्या घरातली सून, केरळला निघालेली, घाईत मांजर सोडून गेली आणि कपडा द्यायची विसरली. मांजराचं नाव ढब्बू. पांढरंशुभ्र, माजलेलं. त्यानं अन्नाला तोंड लावलं नाही. कोपऱ्यात बसून असा गळा काढला की शेजारपाजारचे विचारायला आले. संयोगिता रडकुंडीला आली. मांजर मेलं तर पाटी उतरवावी लागणार.

तानाबाईला काय सुचलं कुणास ठाऊक. तिनं नेसत्या पातळाचा पदर दातानं धरला, टराटरा हातभर तुकडा फाडला आणि ढब्बूच्या पुढ्यात टाकला. ढब्बूनं तो हुंगला, तुडवला, त्यावर गोल फिरला आणि झोपला. उठल्यावर वाटी चाटून साफ केली.

संयोगिता बघत राहिली. सासूच्या कामाकडं तिनं इतक्या मायेनं कधी बघितलं नव्हतं. तिनं ढब्बूचा फोटो काढला, खाली लिहिलं, ‘आज्जीच्या पदराची ऊब’, आणि दिला पाठवून गावभर. मग काय, फोन थांबेना. नवीन येणारे कपडा आणायचेच बंद झाले. तुमच्याकडं ती आज्जी आहे ना, मग झालं तर.

पेटीतली पातळं एकेक करून निघाली. निळं गेलं, हिरवं गेलं, मालकांनी जोतिबाच्या यात्रेत घेतलेलं अंजिरीही गेलं. दोन दिवस अंगावर वागवायचं आणि कात्रीखाली घालायचं. वास कमी पडतोय असं वाटलं तेव्हा संयोगितेनं न्हाणीतला साबण उचलला.

“आत्ती, थोडं दिवस नुसत्या पाण्यानं करा की आंघोळ. सुट्टी संपूस्तवर.”

तानाबाई म्हणाली, “म्हस दुधाला, कोंबडी अंड्याला, आणि सासू वासाला व्हय गं?”

दोघी हसल्या. एकीचं हसणं खरं होतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढी तोंडाची फटकळ बाई, तिनं हे चालवून कसं घेतलं? तर त्याला कारण श्रुती. श्रुती तिची नात, तीन वर्षांची. आई फोनला, बाप कारखान्याला, पोर आजीला. दुपारी झोपायचं तर आजीची मांडी आणि मुठीत पदराचं टोक. त्याशिवाय डोळा मिटत नसे. त्या घरात तानाबाईचं म्हणून जे काही होतं ते तेवढंच. आणि संयोगितेनं एकदा सहज बोलल्यासारखं करून टाकलं होतं, की हे काम आत्तींना झेपत नसेल तर माणूस ठेवावं लागेल, ते वरच्या एका खोलीत राहील, घरात परकं माणूस म्हटल्यावर श्रुतीला पुण्याला माझ्या आईकडं ठेवलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी तानाबाईनं पेटीतून पुढचं पातळ काढलं.

३

तुकडे दर तीन-चार दिवसांनी बदलावे लागायचे. वास उडाला की मांजरं ते ओरबाडून बाहेर ढकलायची. त्यावरूनच कळायचं.

एका आठवड्यात एकाही मांजरानं तुकडा ढकलला नाही.

तानाबाईला बरंच वाटलं. तेवढीच पातळं वाचली. पण वाट्या भरताना तिच्या ध्यानात आलं की मांजरं तिच्याकडं बघत नाहीत. एरवी जिन्यावर पाऊल वाजलं की जाळीला नाकं लागायची. आता पहिल्या खोलीतली, मधल्या खोलीतली, सगळी तोंडं एकाच अंगाला. टोकाच्या खोलीकडं. मधे भिंत होती, तरी भिंतीकडं. जेवायची वाट बघताना बसतात तशी, शेपटी पायांभोवती घेऊन.

टोकाच्या खोलीत जाऊन तिनं बघितलं. चार कप्पे, चार मांजरं आणि खिडकीखाली मोकळी फरशी. तिथं काहीच नव्हतं. पण त्या फरशीवर उभं राहिल्यावर तिला वास आला. शिळ्या भाकरीचा, घामाचा, दाढेत धरलेल्या लवंगेचा. तिचाच. माणसाला स्वतःचा वास येत नसतो. दुसऱ्याचा यावा तसा तो समोरून आला.

तुकड्यांचा असेल, म्हणत ती खाली आली.

दुपारी ती चुलीपाशी होती. संयोगिता सोप्यात फोनवर. श्रुती ताटलीत कुरमुरे मोजत बसलेली. आणि वरून आवाज आला, टक् टक् टक्. जिभेचा. दोन ओढून आणि एक तोडून, तानाबाई मांजरांना बोलवते तसा.

तानाबाईनं तवा उतरवला. आवाज शेजारच्या भिंतीवर आपटून येत असेल. पाल असेल. पाल चुकचुकली की असंच वाटतं. तिनं स्वतःशी ‘पालच’ असं म्हटलं आणि भाकरी थापायला घेतली. वर वाट्या सरकल्या आणि मांजरं चवाचवा खायला लागली.

त्या वाट्या तिनं अजून भरल्या नव्हत्या.

४

दूध आणायला ती स्वतः गवळ्यांच्या कट्ट्यावर जायची. म्हैस समोर पिळलेली बघितल्याशिवाय दूध प्यायचं नाही, हा तिचा नेम. धोंडीराम गवळी तिच्या माहेराकडचा. त्याची म्हैस तानाबाईच्या पायरवानं मान वळवायची, हात चाटायची आणि मगच पान्हा सोडायची. धोंडीराम म्हणायचा, काकू, तुमी आला की माझं काम हलकं हुतंय.

त्या दिवशी तिनं सवयीनं हात पुढं केला. म्हशीनं नाकपुड्या फुगवल्या, हात हुंगला, पुन्हा हुंगला. मग मागं सरली आणि दाव्याला हिसडा दिला. दूध वर चढवलं ते चढवलंच. धोंडीराम थापटतोय, चुचकारतोय, कासेला पाणी मारतोय, पण थेंब नाही.

“काकू, जरा लांब हुबारा,” तो शेवटी म्हणाला. “काय झालंय काय न्हाय. कुणी न्हायच अशा ठिकाणनं हात आल्यावानी बिचाकतीया.”

तानाबाई लांब उभी राहिली. कडेला जाऊन तिनं पदराला नाक लावलं, मग दंडाला, मग काखेला, लाज सोडून. काही नाही. दुकानातल्या कोऱ्या कापडालासुद्धा खळीचा वास असतो, इथं तोही नव्हता. उन्हात ठेवलेल्या काचेसारखं सगळं.

कोरोना झाला होता तेव्हा असंच नाक गेलं होतं, असं तिनं स्वतःला समजावलं. पुन्हा झाला असेल. मात्र शेणाचा वास येत होता, दुधाचा येत होता, धोंडीरामच्या बिडीचाही येत होता. आणि कोरोना तिला झाला असेल तर म्हशीला तिचा वास का येईना?

रिकामी किटली घेऊन ती घरी आली.

५

घरी श्रुती जागेवर नव्हती. तानाबाईनं हाका मारल्या, मोरी बघितली, शेजारी डोकावली. मग जिना चढली. पोरगी टोकाच्या खोलीत, खिडकीखालच्या फरशीवर, अंगाचं मुटकुळं करून गाढ झोपलेली. उशी नाही, अंथरूण नाही. डोकं मात्र जमिनीपासून वीतभर वर होतं.

तानाबाईच्या पायानं उंबऱ्याची फळी करकरली आणि डोकं अलगद खाली टेकलं. कुणी मांडी काढून घ्यावी तसं.

तिनं पोरीला छातीशी धरलं. केसांत, मानेत, झबल्यात, सगळीकडं तोच वास. भाकरी, घाम, लवंग. श्रुतीनं डोळे किलकिले केले, तिच्या गळ्याला नाक लावलं आणि अंग ताठ केलं. दोन्ही हातांनी ढकलायला लागली.

“आज्जीकडं जातो,” असं म्हणून रडायला लागली.

“मीच की गं आज्जी.”

श्रुतीनं तिच्या तोंडाकडं बघितलं. ओळख होती, पण रस्त्यावरच्या माणसाची असावी एवढीच. मग पुन्हा रडं.

संध्याकाळी तानाबाईनं सुनेला सांगितलं की तुकडे द्यायचं बंद, मांजरं ज्याची त्यानं न्यावीत. संयोगितेनं कपाळाला आठ्या घातल्या. सुट्टी भरात आली होती. आणि तिला यात नवल वाटलं ते वेगळंच.

“आत्ती, सकाळी तर वर तुमीच म्हणालासा की, आणि मांजरं घे म्हणून. मी जिन्यातनं इचारलं, तुमी खोलीतनं व्हय म्हणालासा.”

“सकाळी मी दुधाला गेलतो.”

संयोगितेनं नवऱ्याकडं बघितलं. विश्वजित जेवता जेवता म्हणाला की वय झालं की असं विसरायला होतं, पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवू. आईच्या ताटात त्यानं भात वाढला. रीत तेवढी मायाळू होती त्याची. त्याला वाईट म्हणवत नाही, हेच वाईट.

त्या दिवसापासून श्रुती दुपारी आपणहून जिना चढायला लागली. संयोगितेला ते सोयीचं पडलं. आत्ती वर आहेत, पोरगी त्यांच्यापाशी आहे.

६

शेवटी तानाबाईनं आईची शिस्त आठवली. संयोगिता बँकेत गेली होती, श्रुतीला शेजारच्या बाळाबाईकडं बसवलं होतं. भर दुपारी तिनं कप्प्याकप्प्यातून तुकडे ओढून काढले. मांजरांनी पंजे मारले, हात रक्ताळले. ढब्बूनं तर तुकडा दातांत धरून सोडला नाही, तो फाडून घ्यावा लागला. सगळे बादलीत घालून तिनं पाणी ओतलं, चोळले, पिळले, पुन्हा पाणी ओतलं.

पाणी मळलं नाही. आठवडाभर मांजराखाली पडलेलं कापड, आणि पाणी जसं ओतलं तसंच राहिलं.

उशिरा का होईना पाण्यातून काढले, असं म्हणत तिनं ते गच्चीवरच्या दोरीवर घातले. निळे, हिरवे, अंजिरी, ओळीनं. खाली येऊन हाताला हळद लावली, बाळाबाईकडं पोरीला आणायला गेली. बाळाबाई म्हणाली, आगं, आत्ताच तू न्हेलीस की तिला. जिन्यातनं हाक मारलीस, पोर पळत गेली.

तानाबाईनं तिथूनच गच्चीवरच्या दोरीकडं बघितलं. वारा नव्हता. दोरीवर एकही तुकडा नव्हता.

जिना चढताना तिनं कठड्याला धरलं. मांजरं घुरघुरत होती, सगळी एका सुरात, जात्यासारखी. पहिली खोली, मधली खोली. टोकाच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं. तिथून जेवढं दिसलं तेवढंच तिनं बघितलं.

कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. विरळ पांढऱ्या केसांचा अंबाडा, त्याखाली मानेवर चामखीळ. पातळ असं ते नव्हतंच. तुकडे होते, निळे, हिरवे, अंजिरी, एकाला एक न शिवता धरून बसलेले, ओलेगच्च. फरशीवर पाणी ठिबकत होतं. मांडीवर श्रुती. तिच्या मुठीत एका तुकड्याचं टोक. एक हात तिच्या पाठीवर पडत होता, हलके, दोन थापा आणि एक थांबा.

तानाबाईचा हात तिच्याही नकळत मानेवर गेला. ज्या जागी तिची चामखीळ असायची ती जागा बोटांना सपाट लागली.

“श्रुती,” ती म्हणाली.

श्रुतीनं डोळे उघडले. दारातल्या बाईकडं बघितलं, मग तोंड त्या ओल्या तुकड्यांत लपवलं.

“आज्जी, ही कोण आलीया?”

ते पाठमोरं वळलं नाही. थापाही थांबल्या नाहीत. तानाबाईच्याच आवाजात, थोड्या घोगऱ्या, दमलेल्या, मायेच्या आवाजात उत्तर आलं.

“कुणी न्हाय गं बाळा. मांजर न्यायला आल्यात. पावणं, खाली बसा जरा. आणून देतो.”

७

आत शिरावं, पोरीला हिसकावून घ्यावं, हे तानाबाईच्या मनात आलं नाही असं नाही. पण हिसकावून घ्यायचं म्हणजे पोरीनं किंचाळायचं, ओरबाडायचं, परक्या बाईनं उचललं की पोरं करतात ते सगळं करायचं. आणि मग पोरीनं हात पसरायचे ते त्या पाठमोरीकडंच. हा विचार आला आणि ती दारातून मागं सरली.

ती खाली आली. सोप्यात बाकावर बसली.

शिरोळकडचा एक बागायतदार दारात चपला काढत होता. लेकीचं मांजर न्यायला आलेला, हातात बास्केट. घाम पुसत तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकला. तानाबाईला तो कधी भेटला नव्हता. मालकीणबाई कुठं हायत, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, येतील. बसून बसून त्यालाच अवघडलं.

“तुमचं कंचं हाय मावशी?”

तानाबाईनं जिन्याकडं बघितलं. “हाय वर. पर मला वळखंना झालंय.”

“ते असंच आस्तंय,” तो म्हणाला. माणूस समजूतदार होता, लेकीबाळींचा. “आमचं गेल्या साली घरी न्हेलं तर पलंगाखालनं भाईर यीना. लेक रडाय लागली. म्या म्हणलं, दमानं घ्या, मागं लागू नका. आपला वास आला की आपणहून यिऊन मांडीवर बसत्यात.”

“व्हय,” तानाबाई म्हणाली.

वर माडीवर श्रुती कशाला तरी खुदकन हसली.